परराष्ट्र धोरण, लोकमत आणि आपला किनारा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेंगुर्ले तालुक्यातल्या शाळेत मी एकतीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर गावच्या वाचनालयात रविवारी संध्याकाळी आम्ही दहा-पंधरा जण जमतो. आंबा बागायतदार असतात, दोन-तीन रापणकर (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे मच्छीमार) असतात, व्यापारी बोटींवरून सुट्टीला आलेले तरुण असतात, ज्यांचा मुलगा आखातात आहे अशा आया असतात. गेल्या काही वर्षांत गप्पा अमेरिका, चीन, रशिया, इराणकडे वळतात आणि तेच प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात. मंडळींच्या आग्रहावरून त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवतो आहे.

"परराष्ट्र धोरण दिल्लीत ठरतं. आमका कोन विचारता?"

कायद्याने पाहिलं तर कोणीच विचारत नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत जी संघसूची आहे, तिच्यात परराष्ट्र व्यवहार दहाव्या क्रमांकावर आहे आणि परदेशांशी करार करणं चौदाव्या. विषय पूर्णपणे केंद्राचा. राज्य सरकारला त्यात अधिकार नाही, मग ग्रामसभेची गोष्टच सोडा. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांनी केलेल्या तहाला सिनेटची दोन-तृतीयांश मतं लागतात. आपल्याकडे केंद्राने केलेला करार संसदेत मंजूर करून घेण्याचं बंधन नाही. करार राबवण्यासाठी नवा कायदा हवा असेल तर तो कलम २५३ प्रमाणे संसद करते, एवढंच.

तरीही एका कराराने सरकार पडायची वेळ आणली होती. अमेरिकेशी अणुकरार नको म्हणून डाव्या पक्षांनी पाठिंबा काढला आणि २२ जुलै २००८ रोजी मनमोहन सिंग सरकारला लोकसभेत विश्वासमत घ्यावं लागलं. २७५ विरुद्ध २५६ अशा मतांनी सरकार तरलं. हा करार लक्षात ठेवा, पुढे जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाच्या प्रश्नात तो परत येणार आहे.

"मग लोकमताला काही किंमत आहे की नाही?"

आहे, पण आपण समजतो तशी नाही. खाडीकाठच्या माणसाला मी खारबंधाऱ्याचं उदाहरण देतो. बंधारा भरती आणत नाही आणि ओहोटीही करत नाही. पाणी कुठपर्यंत चढायचं तेवढं तो ठरवतो. लोकमताचं काम बहुतेक वेळा तसंच असतं. सरकारने काय करावं हे लोकमत क्वचित ठरवतं. काय केलं तर खपणार नाही, ही मर्यादा मात्र ते ठरवतं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. लोकमत दोन जातींचं असतं. एक भावनेचं: टीव्ही लावला, रक्त तापलं, शत्रूला धडा शिकवा. ते खरं असतं, पण आठ दिवसांत उतरतं. दुसरं झळ बसलेल्यांचं: ज्याची आंब्याची पेटी परत आली, ज्याचा भाऊ पकडला गेला, ज्याच्या बोटीचं डिझेल महागलं त्याचं. हे मत हळू बोलतं, पण वर्षानुवर्षं टिकतं. कोकणाकडे हे दुसऱ्या जातीचं मत भरपूर आहे आणि आपण ते फार कमी वापरतो, असं माझं ठाम मत आहे.

"लोकांच्या रेट्यामुळे दिल्लीने धोरण बदललं, असं आपल्या भागात कधी घडलंय का?"

गोवा. आमच्या घरापासून गोव्याच्या हद्दीवरची तेरेखोलची खाडी दूर नाही, त्यामुळे हे उत्तर लांबणार.

१९४७ ला इंग्रज गेले, पण पोर्तुगीज गेले नाहीत. बांदा, आरोंदा, रेडी इथल्या लोकांच्या सोयरिकी पलीकडे होत्या, व्यापार पलीकडे होता. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रही तेरेखोल किल्ल्यात शिरले आणि त्यांनी तिरंगा लावला. १८ मे १९५५ ला नानासाहेब गोरे यांची तुकडी हद्द ओलांडून गेली. जुलैत मधू लिमये गेले. १५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातून आलेले हजारो निःशस्त्र लोक बांद्याजवळ पत्रादेवी आणि इतर नाक्यांवरून आत गेले. पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या घातल्या आणि वीसहून अधिक माणसं मेली. मुंबईत संतापाची लाट उसळली, बाजार बंद झाले.

आता नेमकं इथे थांबून विचार करा. लोकमत याहून तीव्र होणं शक्य नव्हतं. तरी नेहरूंनी सैन्य पाठवलं नाही. उलट सप्टेंबरात सामुदायिक सत्याग्रहालाच मनाई केली, हद्द बंद केली, आर्थिक नाकेबंदी ठेवली. त्या नाकेबंदीची झळ आपल्याच बाजूच्या सीमेवरच्या गावांनाही बसली.

का थांबले? कारण जग दोन गटांत वाटलेलं होतं आणि भारत दोघांच्या मधे उभा होता. पोर्तुगाल १९४९ पासून नाटोचा संस्थापक सदस्य. अझोर्स बेटांवरचा पोर्तुगालचा हवाई तळ अमेरिकेला हवा होता. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांबरोबर काढलेल्या निवेदनात गोव्याचा उल्लेख पोर्तुगालचा प्रांत या अर्थाने आला. नेमक्या त्याच दिवसांत सोव्हिएत नेते बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह भारताच्या दौऱ्यावर होते आणि गोवा भारताचाच असं उघड बोलत होते. एका बाजूचा हात धरला असता तर दुसरी तुटली असती, आणि शांततेचा पुरस्कार करणारा देश म्हणून भारताने मिळवलेली पतही गेली असती.

सहा वर्षांनी हिशेब बदलला. १९६१ मध्ये अंगोलात पोर्तुगालविरुद्ध उठाव झाला. आफ्रिकेतले नेते भारताला विचारू लागले, तुम्ही अजून कसली वाट पाहता? नोव्हेंबरात अंजदीव बेटावरून पोर्तुगीजांनी भारतीय जहाजावर आणि नंतर मच्छीमारांच्या होडीवर गोळीबार केला. कारवारकडचा एक मच्छीमार त्यात गेला. १७ डिसेंबरच्या रात्री सैन्य निघालं, १९ डिसेंबरला गोवा मोकळा झाला. सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी युद्धबंदीचा ठराव आणला. बाजूने सात मतं पडली, विरोधात चार, आणि सोव्हिएत नकाराधिकाराने ठराव पडला. पाश्चात्त्य वर्तमानपत्रांनी १९६२ च्या निवडणुकीकडे बोट दाखवलं. त्या टीकेत थोडं तथ्य असेलही, पण चौदा वर्षांची जिद्द एका निवडणुकीच्या खात्यावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

म्हणजे लोकांच्या रागाने वेळ ठरवली नाही, वेळ जगाच्या राजकारणाने ठरवली. पण चौदा वर्षं हद्दीवर लोक जात राहिले, तुरुंगात पडत राहिले, म्हणून दिल्लीतल्या कुठल्याही सरकारला पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्याशी तडजोड करून विषय मिटवता आला नाही. बंधारा म्हणालो तो हाच.

"दोन बड्या देशांच्या भांडणात भारताने कुणाची बाजू घ्यावी?"

या प्रश्नावर आमच्या बैठकीत आवाज चढतात. माझं उत्तर थोडक्यात: ज्या बाबतीत ज्याच्याशी आपलं हित जुळतं त्या बाबतीत त्याच्याशी, आणि बंदराची किल्ली कोणालाच नाही. हा विचार काही नवा नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात टोपीकरांबद्दल, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांबद्दल, हेच लिहून ठेवलं आहे. हे साधे सावकार नव्हेत, त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत. व्यापार करू द्यावा, पण समुद्रकाठी, खाडीच्या मुखावर जागा देऊ नये, दिली तर ते किल्ला बांधतील. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याच किनाऱ्याकडे बघून लिहिलेलं हे परराष्ट्र धोरण आहे, आणि शाळेत ते आपण एका ओळीत उरकतो याचं मला वाईट वाटतं.

बड्यांच्या भांडणात सापडलेला माणूस बघायचा असेल तर रत्नागिरीचा थिबा राजवाडा बघा. ब्रह्मदेशाच्या राजाने फ्रान्सशी जवळीक वाढवली. इंग्रजांना ती खपली नाही. नोव्हेंबर १८८५ मध्ये त्यांनी चढाई केली आणि राजाला रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो इथेच वारला. सहलीला जाणारी मुलं राजवाड्यात फोटो काढतात. तो राजा इथे का आला हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

"मास्तरांनू, तेंच्या भांडणात आमचो आंबो खय इलो?"

हापूस पूर्वीपासूनच या भांडणात आणि दोस्तीतही आहे. फळमाशीच्या कारणावरून अमेरिकेचा बाजार भारतीय आंब्याला बरीच वर्षं बंद होता. मार्च २००६ मध्ये जॉर्ज बुश दिल्लीत आले, अणुकराराची बोलणी झाली आणि त्याच भेटीत आंब्यालाही दार उघडायचं ठरलं. बदल्यात अमेरिकी मोटारसायकलींना इथे वाट मिळाली. २००७ च्या हंगामात किरणोत्सर्गाची प्रक्रिया केलेल्या पेट्या अमेरिकेला गेल्या. जपाननेही १९८६ पासूनची बंदी २००६ मध्ये उठवली. उलटी बाजू अशी की १ मे २०१४ ला, ऐन हंगामात, युरोपीय संघाने भारतीय आंबा बंद केला. कारण पुन्हा फळमाशीच. ती बंदी पुढच्या वर्षी उठली, पण पुढच्या वर्षी उठलेली बंदी झाडावरच्या फळाच्या काय कामाची?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि मग रशियाचं तेल घेतो म्हणून आणखी २५ टक्के शुल्क लावलं, तेव्हा बागायतदार घाबरून विचारत होते. त्यांना मी सांगितलं की हंगाम संपलेला आहे, आणि आपल्या हापूसचा मोठा भाग वाशीच्या बाजारातून देशातच खपतो. परदेशातलं जुनं गिऱ्हाईक अमेरिकेपेक्षा आखातात जास्त आहे. म्हणून दुबईची विमानं आणि जहाजं सुरळीत चालणं हे आंब्याच्या दृष्टीने वॉशिंग्टनइतकंच महत्त्वाचं आहे. आखातात क्षेपणास्त्रं उडू लागली की बागायतदाराने बातम्या नीट ऐकाव्यात.

कोळंबीचं तसं नाही. भारताच्या मासळी निर्यातीत अमेरिका पहिल्या नंबरचं गिऱ्हाईक आहे आणि तिथे मुख्यतः कोळंबीच जाते. त्या शुल्काचा मोठा मार आंध्रच्या तळ्यांना बसला. पण निर्यात अडली की तोच माल देशातल्या बाजारात येतो आणि आपल्या खाजणातल्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या) कोळंबीचाही भाव पडतो. भांडण दिल्ली-वॉशिंग्टनचं, कारण रशियाचं तेल, आणि भाव पडला तो रात्रभर पाण्यात हवा सोडणारा एरेटर चालवून तळं राखणाऱ्याचा. आता त्या तेलाची गोष्ट. युक्रेन युद्धाआधी भारत घेत असलेल्या कच्च्या तेलात रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्याही आत होता. नंतर तो एक-तृतीयांशाच्या वर गेला. स्वस्त तेलाचा फायदा देशाला झाला. पण ट्रॉलरवाल्याला पंपावर तो किती दिसला आणि डिझेलवरच्या कराचा सरकारी परतावा किती महिन्यांनी हातात आला, हे मत आपण कुठे मांडलं? मला तरी आठवत नाही.

"चिनी मालावर बहिष्कार घालायचा का?"

१५ जून २०२० ला गलवानमध्ये आपले वीस जवान गेले. त्या रात्री आमच्याही गावात लोकांनी चिनी खेळणी जाळली. मी त्यांच्या रागाच्या बाजूचा आहे. सरकारने २९ जूनला ५९ चिनी ॲप बंद केली, त्याला लोकांचा पाठिंबा होता आणि तो योग्यच होता.

पण पुढचं बघा. २०२४-२५ मध्ये चीनशी आपली व्यापारी तूट सुमारे ९९ अब्ज डॉलरवर गेली. औषधांचा कच्चा माल, मोबाइलचे सुटे भाग, सौर पॅनेल सगळं तिकडून येतं. आणि आपल्या मासळीचा अमेरिकेनंतरचा सर्वांत मोठा खरेदीदार चीन आहे. जी वाकटी आपल्याकडे ओली फारशी कोणी घेत नाही, ती बर्फात घालून तिकडेच जाते. चीनने एखादी खेप परत पाठवली तर तोटा बीजिंगला होत नाही, बंदरातल्या मासळी निवडणाऱ्या बायकांचा रोज बुडतो. बहिष्कार घालायचा तर तो परवडेल अशा ठिकाणी घाला. मे २०२५ मध्ये तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली म्हणून पुण्याच्या बाजारात व्यापाऱ्यांनी तिकडचं सफरचंद बंद केलं. ते जमलं, कारण सफरचंदाला पर्याय होता. जिथे पर्याय नाही तिथे आधी तो उभा करायला सांगा.

"युद्धाच्या दिवसांत खरं-खोटं कसं ओळखायचं?"

मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या त्या चार रात्री, काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगितलं. ते खोटं होतं. आमच्या वाचनालयाच्या ग्रुपवर एका जळत्या बंदराची चित्रफीत फिरली आणि जिचा मुलगा तेव्हा आखातातल्या फुजैरा बंदराजवळ बोटीवर होता ती बाई रात्रभर झोपली नाही. चित्रफीत कुठली, कधीची, कोणालाच माहीत नव्हतं. पाठवणारा चांगला मुलगा आहे, माझाच विद्यार्थी. दुसऱ्या दिवशी तो स्वतः तिच्या घरी गेला.

माझा नियम साधा आहे. परराष्ट्र मंत्रालयाची किंवा सैन्यदलांची पत्रकार परिषद ऐकावी, ती मुद्देसूद असते. सरकारी सत्यता-तपासणी बघावी, पण ती फक्त एकाच बाजूचं खोटं उघड करते हेही ध्यानात ठेवावं. आणि चोवीस तास थांबावं. चोवीस तासांत आपल्या मताची कोणाला गरज पडत नाही.

त्याच दिवसांतली आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. १० मे ला गोळीबार थांबल्याचं परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी जाहीर केलं आणि लोकांनी समाजमाध्यमांवर त्यांना व त्यांच्या घरच्यांना इतक्या शिव्या दिल्या की त्यांना आपलं खातं परक्यांना दिसणार नाही असं करावं लागलं. निर्णय सरकारचा, सांगणारा अधिकारी. निरोप आणणाऱ्याला मारणं हे लोकमत नव्हे. तसं करणारे लोक आपल्याही भागात होते, मी त्यांच्याशी बोललो आहे.

"जनमत चाचण्यांवर विश्वास ठेवावा का?"

परराष्ट्र धोरणाच्या बाबतीत जपून. 'अमुक देश आवडतो का' असा प्रश्न विचारला की उत्तर मिळतं. 'त्यासाठी पेट्रोल दहा रुपयांनी महाग घ्याल का' हे विचारलं की उत्तर बदलतं. प्रश्नाचे शब्द आधी वाचा, टक्के नंतर.

"घरचा माणूस आखातात किंवा बोटीवर आहे. तिथे पेटलं तर?"

खेड, चिपळूण, दापोली, श्रीवर्धन, म्हसळा इथे असं घर शोधावं लागत नाही. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा किती घरांत चूल नीट पेटली नव्हती हे जुन्या माणसांना आठवत असेल. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले आणि सद्दामने त्यांना मिठी मारली. त्या छायाचित्रावरून जगभर आणि देशातही टीका झाली. पण त्या भेटीनंतर आपली माणसं अम्मानमार्गे बाहेर पडू शकली. एअर इंडियाने सुमारे दोन महिन्यांत ४८८ फेऱ्या करून पावणेदोन लाखांच्या आसपास लोकांना परत आणलं. शहरातल्या लोकमताला ती मिठी लाजिरवाणी वाटली. ज्या आईचा मुलगा उतरला तिला काय वाटलं असेल? झळ बसलेल्यांचं मत म्हणतो ते हेच, आणि त्या वेळी ते बरोबर होतं असं मी मानतो.

२०१५ मध्ये येमेनमधून नौदल आणि हवाई दलाने साडेचार हजारांहून अधिक भारतीयांना काढलं, शिवाय शेकडो परदेशी नागरिकांनाही. १३ एप्रिल २०२४ ला इराणने होर्मुझजवळ 'एमएससी एरीज' हे जहाज पकडलं तेव्हा त्यावर १७ भारतीय होते. भारताचे इराणशी बोलण्याचे संबंध होते म्हणून वाटाघाटी करता आल्या. कोणाशीही बोलणं पूर्ण तोडू नये, असं बोटीवाल्यांच्या घरची माणसं म्हणतात, त्यामागे हा अनुभव आहे.

आता कामाचं. जाण्याआधी माणसाने कामगार म्हणून सरकारच्या ई-मायग्रेट या ऑनलाइन प्रणालीत नोंद केली आहे का ते बघा. बोटीवर जाणाऱ्याने भरती करणाऱ्या एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का ते तपासावं. विना-परवाना एजंटाकडून गेलेल्या मुलाचं नाव संकटात कुठल्याच यादीत सापडत नाही. पासपोर्टची प्रत, व्हिसाची प्रत, कंपनीचं आणि जहाजाचं नाव, जहाजाचा आयएमओ क्रमांक (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक) घरात कागदावर लिहून ठेवा, फोनमध्ये नव्हे. तक्रार परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर नोंदवता येते आणि तिला क्रमांक मिळतो. खासदाराकडे जाताना तो क्रमांक घेऊन जा.

"जैतापूर आणि नाणार हे तर स्थानिक प्रश्न. त्यांचा परराष्ट्र धोरणाशी काय संबंध?"

फार जवळचा. सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला अणुव्यापारासाठी सूट दिली. ती मिळवून देणाऱ्या आणि पाठिंबा देणाऱ्या बड्या देशांना कामं द्यायची होती. कुडनकुलम रशियाकडे होतंच. गुजरातचं मिठीविर्डी आणि आंध्रचं कोव्वाडा अमेरिकी कंपन्यांसाठी आखलं गेलं आणि जैतापूर फ्रान्ससाठी. माडबनच्या सड्यावर १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट. डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी आले तेव्हा करार झाला. तीन महिन्यांनी फुकुशिमा घडलं. १८ एप्रिल २०११ ला साखरी-नाट्यात पोलिसांच्या गोळीबारात एक मच्छीमार मेला.

२०२५ संपेपर्यंत तिथे अणुभट्टीचं बांधकाम सुरू झालेलं नव्हतं. आंदोलनामुळेच ते अडलं असं आमच्याकडे अभिमानाने सांगतात. मी ते अर्धंच मान्य करतो. फ्रेंच कंपनी अरेवा कर्जात बुडाली, काम ईडीएफ या दुसऱ्या फ्रेंच कंपनीकडे गेलं, विजेचा दर जुळेना, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी पुरवठादारावरही येऊ शकेल अशा २०१० च्या अणुदायित्व कायद्याने विदेशी पुरवठादार बिचकले. लोकांच्या विरोधाने वेळ मिळवून दिला आणि त्या वेळात बाकीचे दोष उघडे पडले. हेही थोडं नाही. मिठीविर्डीच्या शेतकऱ्यांनीही असाच विरोध केला आणि तो प्रकल्प गुजरातमधून हलवावा लागला.

नाणारचं गणित तेलाचं. वर्षाला सहा कोटी टनांचा तेलशुद्धीकरण कारखाना, त्यात एप्रिल २०१८ मध्ये सौदी अरामको आणि जूनमध्ये अबुधाबीची अ‍ॅडनॉक आली. तेल विकणाऱ्या देशालाच कारखान्यात भागीदार केलं की संकटात तो पुरवठा तोडणार नाही, असा दिल्लीचा विचार. विचार चुकीचा नव्हता. पण आंबा-काजूच्या बागा कोणाच्या जाणार हे आधी कोणी विचारलं नाही. लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, मार्च २०१९ मध्ये, राज्याने भूसंपादनाची अधिसूचना रद्द केली. पुढे तोच प्रकल्प बारसू-सोलगावला आला आणि एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाच्या वेळी कातळशिल्पांच्या त्या सड्यावर अश्रुधूर सुटला. प्रकल्प हवा म्हणणारेही आपल्यातच होते आणि त्यांची मुलं आज मुंबईला दहा बाय दहाच्या खोलीत राहतात. त्यांचं म्हणणं मी विसरू शकत नाही.

"तामिळनाडूचं दिल्ली ऐकते, आपलं का ऐकत नाही?"

२०१२ आणि २०१३ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत श्रीलंकेविरुद्ध मत दिलं आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये मनमोहन सिंग कोलंबोच्या राष्ट्रकुल परिषदेला गेले नाहीत. तामिळनाडूतलं लोकमत हे त्यामागचं मोठं कारण होतं. तीस्ता पाणीवाटप करार २०११ मध्ये पश्चिम बंगालच्या विरोधामुळे थांबला. तामिळनाडूचे ३९ खासदार आहेत आणि एका प्रश्नावर त्यांचे पक्ष एकमेकांशी स्पर्धा करतात. रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि रायगड मिळून आपले दोन. पण संख्या हे पूर्ण उत्तर नाही. परदेशांशी जोडलेला आपला एक ठरलेला मुद्दाच नाही. आखातातल्या कामगारांचे प्रश्न, बोटीवाल्यांची सुरक्षा, मासळी-आंब्याची निर्यात, हे सगळं एका मागणीपत्रात कुठल्या उमेदवारापुढे ठेवलेलं मी पाहिलेलं नाही. निवडणुकीत आपण रस्ता आणि रेल्वे मागतो. ते मागायलाच हवं. सोबत हेही मागावं.

"सरकारच्या परराष्ट्र धोरणाला विरोध म्हणजे देशाला विरोध का?"

नाही. १९६२ च्या चीन युद्धातल्या सुरुवातीच्या पराभवांनंतर लोकांनी आणि काँग्रेसच्याच खासदारांनी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचा राजीनामा मागितला, आणि युद्ध चालू असताना, ७ नोव्हेंबरला, तो नेहरूंना स्वीकारावा लागला. तेव्हा त्या खासदारांना कोणी देशद्रोही म्हटलं नाही. जवानांच्या हालचाली, बोटींच्या जागा याबद्दल मात्र लिहू-बोलू नये. १९९३ मध्ये शेखाडी आणि दिघीला स्फोटकं उतरली, २००८ मध्ये समुद्रातूनच माणसं मुंबईत शिरली. किनाऱ्यावरच्या माणसाने डोळे उघडे ठेवावेत आणि संशयास्पद होडी दिसली तर सागरी पोलिसांना कळवावं. टीका आणि सावधपणा एका माणसात राहू शकतात.

"आपलं म्हणणं पोहोचवायचं कसं?"

खासदाराला लेखी द्या आणि त्यातला एकच प्रश्न संसदेत तारांकित (तोंडी उत्तराचा) किंवा अतारांकित (लेखी उत्तराचा) प्रश्न म्हणून विचारायला सांगा. मंत्रालयाचं लेखी उत्तर कायम नोंदीत राहतं. परराष्ट्र व्यवहारांची संसदीय स्थायी समिती एखाद्या विषयावर सूचना मागवते तेव्हा संस्था आणि नागरिक निवेदन पाठवू शकतात. माहिती अधिकारात परदेशांशी संबंध बिघडतील अशी माहिती नाकारता येते, पण आकडे आणि खर्च बहुधा मिळतात. मच्छीमार सोसायटीचा ठराव एका माणसाच्या पत्रापेक्षा जड असतो.

"पाकिस्तानच्या तुरुंगात असलेल्या खलाशांची यादी कधी येते?"

हा प्रश्न आमच्याकडे कमी आणि पालघर-डहाणूकडे जास्त विचारला जातो, पण एका आतेभावाच्या निमित्ताने तो आमच्या बैठकीत आला आणि मग राहिला. तिकडचे तरुण, बरेचसे आदिवासी, ओखा-पोरबंदरच्या बोटींवर खलाशी म्हणून हंगामाला जातात. समुद्रात हद्दीची रेषा दिसत नाही आणि कच्छजवळच्या सर क्रीक खाडीचा हद्दवाद मिटलेला नाही. तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) मासळीमागे जातो, पाकिस्तानी सुरक्षा दल बोट पकडतं. शिक्षा संपली तरी माणूस सुटत नाही, कारण दोन देशांतलं वारं कसं आहे त्यावर त्याची सुटका अवलंबून असते. निवृत्त न्यायाधीशांची संयुक्त समिती होती, २०१३ नंतर तिचं काम थंडावलं. टीव्हीवर पाकिस्तानला धडा शिकवा म्हणणाऱ्यांत मला या घरातला माणूस कधी दिसला नाही.

२००८ च्या करारानुसार दोन्ही देश वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैला, एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. १ जुलै २०२५ च्या यादीत पाकिस्तानने १९३ मच्छीमार दाखवले होते. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्याच दिवशी निवेदन येतं. त्यात आकडे असतात, नावं नसतात. नाव कळण्यासाठी बोटमालकाचं पत्र, खलाशाचं ओळखपत्र आणि रेशनकार्डाची प्रत घेऊन मत्स्यव्यवसाय खात्याच्या जिल्हा कार्यालयात जावं लागतं. राष्ट्रीयत्वाची पडताळणी पोलीस गावात येऊन करतात. ते येतील त्या दिवशी घरात कोणीतरी थांबा.